पंधरावा प्रश्न

१

पंधराव्या प्रश्नापाशी डॉक्टर ओस्वाल्ड किर्शनर यांचं बोट थांबलं आणि हातातला पाव त्यांनी तसाच खाली ठेवला.

मंगळवारची सकाळ होती. मुद्रकाने पाठवलेली प्रुफं टेबलावर पसरली होती. डॉक्टर खुशीत होते, कारण चाळीस वर्षांच्या मेहनतीचा ग्रंथ अखेर छापून निघत होता. गुन्हे, शिक्षा आणि देहदंड यांवर विद्यापीठाने दिलेल्या अभिप्रायांचा तो संग्रह. लहानसहान गावांच्या न्यायसभांना माणसाच्या जिवाचा निवाडा झेपत नसे. मग ते सगळी कागदपत्रं दोऱ्याने शिवून, मोहर लावून विद्यापीठात पाठवत. इथले कायदेपंडित ती वाचत आणि अभिप्राय लिहून देत: सोडा, हाकला, लटकवा. डॉक्टरांनी असे शेकडो अभिप्राय लिहिले होते आणि एकाही आरोपीचं तोंड पाहिलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता. म्हणायचे, ‘तोंड पाहिलं की माणूस विरघळतो. कागद पाहावा.’

ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी एक आदर्श प्रश्नावली घेतली होती, अगदी ताजी, वाल्डेनरीड गावच्या खटल्यातली. तिथल्या चर्चमधून प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला चोरीला गेला. वेदीवरची वस्त्रं धुणारी वाल्बुर्गा नावाची मोलकरीण त्या शनिवारी चर्चमध्ये शेवटची होती, म्हणून तिला धरलं. अंगठे चिरडणारा पेच लावला. तिने कबुली दिली, लपवल्याची जागा सांगितली, आणि प्याला नेमका तिथेच सापडला! निर्दोष माणसाला कळूच शकणार नाही असा तपशील आरोपीच्या तोंडून आला पाहिजे, असं कायदा म्हणतो. तो आला होता. डॉक्टरांनी ‘तलवारीने शिरच्छेद’ असं लिहून सही ठोकली होती. निरोप्या सगळी फाइल आणि तो अभिप्राय घेऊन शनिवारीच पायी परत निघाला होता. डॉक्टरांकडे उरली होती ती ग्रंथासाठी काढलेली नक्कल.

आता जबानीचा कागद कसा असतो? मधोमध दुमडलेला. डाव्या रकान्यात प्रश्न, उजव्यात उत्तरं. प्रश्न आधीच ठरवून, लिहून, त्या यादीवर न्यायसभेची मोहर उमटवतात. उत्तरं नंतर, पेच आवळला जात असताना भरतात. वाचणारा मात्र डावीकडून उजवीकडे वाचत जातो, प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. डॉक्टरांनीही तसंच वाचलं होतं:

*चौदा. चोरलेला माल कुठे लपवला?*
*उत्तर: कातडी कमावणाऱ्यांच्या आवारात, जुन्या चुन्याच्या हौदात.*
*पंधरा. हौदावरची फळी तिने एकटीने उचलली, की कोणाचा हात लागला?*
*उत्तर: एकटीने.*

यात खटकण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण मुद्रक पडला चिकट. कागद वाचवायला त्याने फक्त डावा रकाना छापला होता. चौदा, कुठे लपवला? पंधरा, हौदावरची फळी…

“कुठला हौद?” डॉक्टर मोठ्याने म्हणाले. खोलीत कोणी नव्हतं.

त्यांनी नकलेवरची तारीख पाहिली. प्रश्नांच्या यादीवर मोहर सोमवारी लागली होती आणि मुलीला पेच लावला तो बुधवारी. म्हणजे मुलीने हौदाचं नाव काढायच्या दोन दिवस आधी कोणीतरी हौदाबद्दल प्रश्न लिहून बसला होता! त्याला सरळ मार्गाने कळलं असतं, तर तो सोमवारीच जाऊन प्याला काढून घेऊन आला असता. तो गप्प बसला, कारण प्याला त्यानेच तिथे ठेवला होता.

चोर त्या गावात मोकळा हिंडत होता, न्यायसभेच्या कागदावर प्रश्न लिहिण्याइतका मानाचा माणूस होता. आणि त्या भागात देहदंड शुक्रवारी सकाळी होत, म्हणजे येत्या शुक्रवारी एका मोलकरणीचं डोकं उडणार होतं, डॉक्टर किर्शनर यांच्या सहीने.

डॉक्टरांना संधिवात होता. गेल्या सहा वर्षांत ते घरापासून विद्यापीठापलीकडे गेले नव्हते. त्या सकाळी त्यांना जिना उतरताना कोणी पाहिलं असतं, तर त्याला तो मनुष्य तरुण वाटला असता.

२

भाड्याच्या गाडीने दोन दिवस हाडं खिळखिळी केली आणि गुरुवारी दुपारी डॉक्टरांना वाल्डेनरीडच्या बाजारचौकात आणून टाकलं. चौकात सुतार फळ्या ठोकत होते. कशासाठी, ते विचारावं लागलं नाही.

न्यायाधिकारी रोटलँड जेवत होते. लालबुंद चेहऱ्याचा, भल्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा असा हा माणूस डॉक्टरांना पाहून उडालाच. “विद्यापीठ स्वतः आलं! अहो, या, या. बदक घ्या थोडं. अभिप्राय कालच पोचला. काय भाषा, डॉक्टरसाहेब, काय भाषा! आमच्या बायकोलासुद्धा वाचून दाखवला मी.”

डॉक्टरांनी गाडीतच ठरवलं होतं की खरं कारण कोणापाशी बोलायचं नाही. चोर कोण ते माहीत नव्हतं, आणि चोराला सुगावा लागला की तो चौकातल्या सुतारांना आजच काम संपवायला लावेल.

“तुमची प्रश्नावली माझ्या ग्रंथात घेतोय,” ते म्हणाले. “आदर्श म्हणून. विशेषतः पंधरावा प्रश्न. त्यासाठीच आलो. कोणाच्या डोक्यातून निघाला तो?”

रोटलँड यांनी बदकाची तंगडी खाली ठेवली. पंधरावा प्रश्न कोणता, हे आठवायचा त्यांनी थोडा प्रयत्न केला, मग तोही सोडला. “दुसऱ्या कोणाच्या निघणार? माझ्याच!”

न्यायासनावर बसलेला माणूसच चोर? मग दाद तरी कोणाकडे मागायची?

“कसा सुचला?”

“अहो, अनुभव! आरोपीच्या डोळ्यांत पाहिलं, की प्रश्न आपोआप जिभेवर येतो.”

“पण प्रश्न तर तिला आणायच्या दोन दिवस आधी लिहिले होते ना?”

“तेच तर! न पाहता पाहिलं.” रोटलँड हसले आणि पुन्हा तंगडीकडे वळले.

हा माणूस एकतर पक्का बेरकी होता, नाहीतर पक्का बढाईखोर. डॉक्टरांना ठरवता येईना. त्यांनी विचारलं, “एकट्यानेच लिहिले सगळे?”

“छे. काही माझे, काही चर्चच्या सेवेकऱ्याचे. तक्रार चर्चची होती, त्यामुळे त्याचाही हक्क. दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या दिल्या. मग आमच्या लेखनिकाने, टाउबरने, ते सगळे नीट क्रम लावून एका यादीत उतरवले. मी मोहर मारली.”

“मोजून, वाचून?”

“टाउबरचं अक्षर आहे ते! वाचायचं काय त्यात?”

लेखनिक मेल्खिओर टाउबर बाजूच्याच खोलीत बसत असे. पन्नाशीचा, सडपातळ, काळ्या बाह्यांवर डाग पडू न देणारा. त्याच्या टेबलावर पिसाच्या लेखण्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. डॉक्टरांना पाहून तो उठला आणि इतका वाकला की डॉक्टरांनाच अवघडल्यासारखं झालं.

“त्या दोन चिठ्ठ्या पाहायला मिळतील का?”

“चिठ्ठ्या शेकोटीत गेल्या, डॉक्टरसाहेब. यादी तयार झाली की जाळतो. रीतच आहे.”

“पंधरावा प्रश्न कोणाच्या चिठ्ठीवर होता?”

टाउबरने क्षणभर छताकडे पाहिलं. “आठवत नाही. उतरवताना मी अक्षर पाहतो, अर्थ नव्हे.” मग लाजत लाजत त्याने विचारलं, “फाइल या वेळी पूर्ण होती ना? काही उणं राहिलं नाही ना?”

“काहीच नाही. इतकी नेटकी फाइल मी वर्षानुवर्षांत पाहिली नव्हती.”

टाउबरचा चेहरा खुलला. डॉक्टरांना त्याचं कौतुक वाटलं. अशी कामसू माणसं आता राहिली नाहीत, असं मनात म्हणत ते चर्चकडे निघाले.

३

सेवेकरी योडोक ब्रेम चर्चच्या पायऱ्या इतक्या त्वेषाने झाडत होता, की जणू त्यांनीच चोरी केली होती. हा म्हातारा हाडकुळा, नाकाने बोलणारा, आणि चर्चच्या कपाटाची किल्ली याच्याच कमरेला. डॉक्टरांनी ती किल्ली आधी पाहिली आणि मग माणूस.

“ती किल्ली अशीच लटकत असते कायम?”

“झोपताना उशीखाली. पण त्या शनिवारी कपाटातच राहिली. मीच विसरलो. सांगितलंय मी न्यायसभेत, लपवलं नाही काही.” योडोकने झाडू आपटला. “गावात सगळे म्हणतात, योडोकने पोरीला मारलं. मी काय केलं? मी फक्त प्रश्न लिहिले.”

“कोणते?”

“दहा. देवाच्या दहा आज्ञा, दहा प्रश्न. तिने देवाचं नाव खोटं घेतलं का? रविवार पाळते का? आईबापांना मान देते का? दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवते का? तेच ना विचारायचं माणसाला? चोरी ही आठवी… नाही, सातवी. बघा, त्या दिवसापासून डोकंच चालत नाही माझं.”

“फळीबद्दल काही लिहिलं होतं का? हौदावरच्या?”

“फळीबद्दल कुठल्या आज्ञेत काय आहे?”

हे बोलणं बनवाबनवीचं नव्हतं. डॉक्टर सरळ उभे राहिले. मग उरले रोटलँड. त्यांनी तर छाती ठोकून सांगितलं होतं. डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं केलं, “न्यायाधिकारी प्रश्न चांगले काढतात म्हणे.”

योडोक नाकातून हसला. “काढतात? अहो, तीस वर्षांपूर्वी एकदा काढले. सात आहेत. कोंबडी चोरली तरी तेच सात, खून केला तरी तेच सात. नाव काय, गाव कुठलं, केलं ते का केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं, माल कुठे लपवला, आधी कधी केलं होतं का, आणि पश्चात्ताप होतो का. निकालाच्या दिवशी चौकात मोठ्याने वाचतात ना ते, आख्ख्या गावाला पाठ आहेत. आमची पोरं चोर-शिपाई खेळताना तेच विचारतात!”

डॉक्टरांनी उभ्या उभ्या खिशातून नक्कल काढली. चौदावा, ‘चोरलेला माल कुठे लपवला?’ हा त्या सातांतलाच. पण पंधरावा त्यांत नव्हता. बढाईखोर बढाई मारून मोकळा झाला होता, एवढंच.

सेवेकऱ्याचे दहा. न्यायाधिकाऱ्यांचे सात.

डॉक्टर बोटांवर मोजायला लागले. ज्या माणसाच्या नावापुढे लॅटिनमध्ये तीन पदव्या लागत, तो माणूस चर्चच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा बोटं मोजत होता. दहा आणि सात सतरा. त्यांनी यादी पाहिली, पुन्हा पाहिली, शेवटच्या प्रश्नावर नख ठेवलं.

यादीत अठरा प्रश्न होते.

४

“तिला भेटायचंय,” डॉक्टर म्हणाले.

न्यायाधिकाऱ्यांनी भुवया उंचावल्या, पण विद्यापीठाला नाही कसं म्हणणार? कोठडी बुरुजाच्या तळाशी होती. उंचावरच्या खिडकीतून उन्हाचा शेवटचा पट्टा आत येत होता. वाल्बुर्गा पेंढ्यावर बसली होती. तिच्यासमोर गुडघे टेकून एक धिप्पाड माणूस तिच्या अंगठ्यांना मलम चोळत होता. तो जल्लाद होता, मायस्टर, म्हणजे उस्ताद, फाइट. पेच आवळायचा तोही यानेच आणि मोडलेलं बरं करायचं तेही यानेच. उद्या सकाळचं कामही याचंच होतं.

डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा आरोपीचं तोंड पाहिलं. वीस-बावीसची पोरगी, नाकावर वांगाचे डाग, ओठ फुटलेले. तिचा निकाल आपण एका दुपारी, जेवण झाल्यावर लिहिला होता, हे आठवून त्यांना स्वतःची शिसारी आली.

“पोरी, मी विद्यापीठातून आलोय. प्याला तू घेतलास?”

“हो साहेब. मीच.”

“हौदात तूच ठेवलास?”

“हो साहेब.”

“हौदावर फळी होती, हिरव्या रंगाची?”

“हो साहेब.”

“तिला लोखंडी कडी होती?”

“होती साहेब.”

हिरवा रंग आणि कडी डॉक्टरांनी तिथल्या तिथे मनाने रचली होती. त्यांनी हळूच विचारलं, “हौद आवाराच्या कुठल्या बाजूला आहे?”

वाल्बुर्गाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग जल्लादाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. तिच्या डोळ्यांत भीती दाटून आली.

“तुम्ही सांगा ना साहेब, कुठल्या बाजूला,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल तेच मी म्हणेन.”

“पण खरं काय आहे?”

“खरं नका विचारू. नाही म्हटलं, की ते परत लावतात. आत्ता कुठे अंगठे वाकायला लागलेत.” ती घाईघाईने बोलत होती. “उद्या होऊनच जाऊ दे. तलवारीने लवकर होतं. मायस्टरांनी सांगितलंय मला, कळतसुद्धा नाही.”

जल्लाद मान खाली घालून मलम चोळत राहिला.

डॉक्टर पेंढ्यावरच बसले. तो पेंढा, तो माणूस, त्याची सावली, सगळंच त्यांच्यासारख्या मानाच्या माणसाला वर्ज्य होतं. जल्लादाच्या शेजारी बसलं, तर इज्जत जाते. “मायस्टर,” ते म्हणाले, “जबानीच्या आधी हिला भेटायला कोण आलं होतं?”

फाइटने वर पाहिलं. “मला विचारताय?”

“तुम्हालाच.”

“मला कोणी विचारत नसतं, डॉक्टरसाहेब. खानावळीत माझा पेला वेगळ्या खुंटीला. माझी साक्ष कोण घेणार?” त्याने मलमाची डबी बंद केली. “मंगळवारी दिवे लागायच्या वेळेला टाउबरसाहेब आले होते. एकटे. आरोप वाचून दाखवायचाय म्हणाले, मला बाहेर घालवलं. त्याआधी ही नाही, नाही करत होती. साहेब गेल्यावर बघतो तर रडत होती आणि एकच गोष्ट पाठ करत होती. दुसऱ्या दिवशी पेचाच्या पहिल्याच फेऱ्याला हौदाचं नाव घेतलं तिने.”

“दुसरं कोणी आलं होतं का?”

“कोणी नाही. या दाराची किल्ली माझ्याकडे असते.”

डॉक्टरांनी वाल्बुर्गाकडे पाहिलं. “टाउबर काय म्हणाला तुला?”

तिने दोन्ही हात एप्रनखाली लपवले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हाती तीन गोष्टी होत्या: एक जादाचा प्रश्न, बिनमानाच्या माणसाची साक्ष, आणि जिला वाचवायचं तीच ‘हो’ म्हणून बसलेली. चिठ्ठ्या जळाल्या होत्या. टाउबरने फक्त ‘मोजणीत चूक झाली’ एवढं म्हटलं, की खेळ खलास. उजाडायच्या आत काहीतरी सुचायलाच हवं होतं.

५

शुक्रवारी नऊला घंटा झाली. चौक माणसांनी फुलला होता. पोरं कठड्यांवर चढली होती, बेकरीवाली गरम बिस्किटं विकत होती. रोटलँड पांढरी काठी घेऊन उच्चासनावर बसले. कबुली वाचायची, आरोपीने ‘हो’ म्हणायचं, मग काठी मोडायची. काठी मोडली की निकाल पक्का. त्यानंतर देवाशिवाय कोणी तो फिरवू शकत नाही.

वाल्बुर्गाला आणलं. टाउबरने यादी उघडली, घसा साफ केला.

“थांबा!” डॉक्टर व्यासपीठावर चढले. संधिवात कुठल्या कुठे पळाला होता. “न्यायाधिकारी महाराज, ही प्रश्नावली माझ्या ग्रंथात जाणार. आपल्या गावाचं नाव अजरामर होणार. त्याआधी प्रत्येक प्रश्न कोणाचा, ते लोकांसमोर नोंदवू द्या. आपले कोणते?”

रोटलँड फुलून गेले. उभे राहिले, बोट उगारलं. “नाव काय?” आणि मग मजा झाली. दुसऱ्या प्रश्नाला कठड्यावरची पोरं ओरडली, तिसऱ्याला बायका सामील झाल्या, आणि “पश्चात्ताप होतो का?” हे तर अख्ख्या चौकाने एका सुरात म्हटलं. डॉक्टर यादीवर फुल्या मारत होते. सात.

“सेवेकरी ब्रेम?”

योडोक पुढे झाला आणि नाकातून दहा प्रश्न म्हणून दाखवले, आज्ञांच्या क्रमाने. दहा.

“सतरा,” डॉक्टर म्हणाले. “आणि यादीत आहेत अठरा. हा एक बिनफुलीचा राहिला. पंधरावा. हौदावरची फळी कोणी उचलली? लोकहो, ही यादी सोमवारी बंद झाली. मुलगी हौदाचं नाव बुधवारी बोलली. मग सोमवारी हौद कोणाला माहीत होता?”

रोटलँड यांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा पडला. न पाहता पाहिलं म्हणणारा माणूस आता हळूहळू टाउबरकडे पाहू लागला. सगळेच पाहू लागले, कारण यादी एकाच हाताने लिहिली होती.

टाउबर मात्र हलला नाही. “उतरवताना चूक झाली असेल,” तो शांतपणे म्हणाला. “तीस वर्षांत पहिली.”

हेच येणार, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांनी खांदे उडवले. “असेल. तसंही हे काम गबाळंच आहे. नको तिथे नको तो प्रश्न. असल्या अर्धवट लेखनिकाची फाइल मी आदर्श म्हणून घेणार होतो, माझंच चुकलं.”

“गबाळं?” टाउबरचा आवाज चिरकला. लेखणी त्याच्या हातात कडकन मोडली. “गबाळं? त्या एका प्रश्नावर तर फाइल उभी आहे! नुसती जागा सांगितली तर तुम्ही मानता? दोनदा, डॉक्टरसाहेब, दोनदा तुम्ही माझी फाइल परत पाठवलीत. ‘तपशील अपुरा. परिस्थिती विचारलेली नाही. लेखनिक निष्काळजी.’ सही तुमची! न्यायसभेसमोर वाचलं ते. सहा वर्षं लोक मला हसतात. या वेळी मी काही उणं ठेवलं नाही. फळी विचारली, एकटी होती का विचारलं…”

स्वतःच्याच तोंडातून काय गेलं, ते त्याला कळलं.

मग तो खाली बसला. हळू आवाजात सगळं बाहेर आलं. शनिवारी कपाटाला किल्ली दिसली. प्याला घेऊन या गावातून, या हसण्यातून कायमचं निघून जायचं होतं. पण वेशी बंद झाल्या, शिपाई प्रत्येक टोपली उघडून पाहू लागले, म्हणून त्याने तो हौदात दडवला. प्याला सापडल्याशिवाय वेशी उघडणार नव्हत्या. पोरगी तर आधीच पकडलेली होती. तिला त्याने एवढंच सांगितलं, की हौद म्हण, फळी म्हण, म्हणजे लगेच थांबतील.

शिपायांनी त्याला धरलं. डॉक्टर जिंकले होते, पण त्यांना जिंकल्यासारखं वाटेना. ‘तपशील अपुरा’ ही अक्षरं त्यांचीच होती. त्यांना ती लिहिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. अशा किती फायली परत पाठवल्या असतील, आणि किती लेखनिकांनी त्यांना हवा तो तपशील कुठून कुठून पैदा केला असेल? त्या माणसांची तोंडं कशी होती? ग्रंथ छापायचा की जाळायचा, हा प्रश्न पहिल्यांदाच त्यांच्या मनात आला.

“पण कबुली?” रोटलँड कसेबसे म्हणाले. काठी अजून त्यांच्या हातात होती. “कबुली कागदावर आहे. ती तिनेच मागे घ्यायला हवी. कायदा आहे.”

सगळ्यांची तोंडं वाल्बुर्गाकडे वळली. ती उभी होती, पण तिला काही कळल्यासारखं दिसत नव्हतं. एवढ्या गोंधळातही ती ओठांतल्या ओठांत ‘हो साहेब, हो साहेब’ म्हणत होती.

डॉक्टर टाउबरच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. कोरा कागद घेतला. सवयीने तो मधोमध दुमडायला गेले आणि हात थांबला. त्यांनी कागद तसाच सपाट ठेवला, शाईत लेखणी बुडवली.

“वाल्बुर्गा, मी काहीही सांगणार नाही. त्या शनिवारी काय झालं, ते तू सांग. तू बोलशील तेच इथे लिहिलं जाईल.”

तिने मायस्टर फाइटकडे पाहिलं. त्या धिप्पाड माणसाने तलवार म्यानात सारली आणि हात पाठीमागे बांधले.

“आणि मी नाही म्हटलं तर?” तिने विचारलं.

“तर मी ‘नाही’ लिहीन.”

तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. डॉक्टर म्हणाले, “मी म्हातारा आहे, पोरी. मोठ्याने सांग.”

“नाही,” ती म्हणाली.

गर्दीतून कोणीतरी हुंदका दिला. रोटलँड यांनी काठी न मोडता टेबलावर आडवी ठेवली.

“नाही!” ती पुन्हा म्हणाली, आता चौकाच्या पार टोकाला ऐकू जाईल अशी. “मी नाही घेतला! मी हौद पाहिलासुद्धा नाही! नाही! नाही!” तिला थांबताच येईना. ती रडत होती, हसत होती, आणि तोच एक शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होती.

डॉक्टरांनी तो प्रत्येक वेळी लिहून घेतला.